सर्व्हर स्लो? आधी मोजा!

फाइल सर्व्हर रडायला लागला की आपलं एकच औषध, 'रॅम वाढवा!' आयबीएम मेनफ्रेमवर हे औषध उलटू शकतं, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे झेड-व्हीएमखाली एकाच मशीनवर अनेक लिनक्स भाडेकरू राहतात. एकाला जादा मेमरी दिली की तो ती फाइल-कॅशने भरून टाकतो. मग झेड-व्हीएम पेजिंग करत बसतं आणि सगळेच रखडतात.

डोंबिवलीकरांना हे लगेच पटेल. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन सुरू होईपर्यंत फास्ट लोकल आणि मेल-एक्स्प्रेस तिथे त्याच रुळांवरून जायच्या. गाडी का थांबली, हे डब्यात बसून कसं कळणार? म्हणून 'टॉप'मधला 'एसटी' आकडा बघा (लाल डबा नव्हे!). तो वाढला तर आपल्या वाट्याचा प्रोसेसर दुसरीकडे अडकलाय. शोध झेड-व्हीएममध्ये घ्यायचा. तो शून्याजवळ असेल तर एनएफएसचं 'सिंक' तपासा. डेटा डिस्कवर पोचल्याशिवाय सर्व्हर पावती देत नाही, त्यामुळे हजारो छोट्या फाइल्स लिहिताना जीव जातो. 'एसिंक' केलं की वेग येतो खरा, पण सर्व्हर मध्येच बसला तर न लिहिलेला डेटा गेलाच.

लॅबमध्ये आपल्याला एनएफएस बसवायला शिकवतात. मोजायला कधी शिकवणार?