रक्ताचे मोल

खून झाला की खुन्यास शासन व्हावे, हे आज आपणास स्वयंसिद्ध वाटते. इतिहासात ते तसे नव्हते. रोमन इतिहासकार टॅसिटसने इ.स. 98 च्या सुमारास जर्मानिक टोळ्यांविषयी नोंदवले, की मनुष्यवधाची भरपाईही तेथे ठरावीक गुरे-मेंढ्या देऊन होते आणि मृताचे सारे घर ती स्वीकारते. सहाव्या शतकातील फ्रँकांच्या सॅलिक कायद्यात तर दरपत्रकच आहे: स्वतंत्र फ्रँक मारला तर 200 सुवर्णनाणी, रोमन जमीनदार मारला तर 100, राजाच्या पदरचा माणूस असेल तर 600. गुलामाची भरपाई त्याच्या धन्याला. या रकमेचे नाव वेरगेल्ड, म्हणजे माणसाचे मोल. सूडाची साखळी तोडण्याचा तिचा हेतू टाकाऊ नव्हता; परंतु मारणाऱ्याच्या अंतःकरणात अपराधाची जाणीव आहे की नाही, याच्याशी त्या व्यवस्थेला फारसे कर्तव्य नव्हते.

हे वाचून युरोपास हसण्याचा अधिकार आपणास नाही. आपस्तंब धर्मसूत्र सांगते: क्षत्रियास मारल्यास वैर फेडण्यासाठी हजार गाई द्याव्यात, वैश्यास मारल्यास शंभर, शूद्रास मारल्यास दहा, शिवाय प्रायश्चित्तापोटी एक बैल. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात शूद्रवधाचे प्रायश्चित्त ब्रह्महत्येच्या सोळाव्या हिश्श्याइतके आहे, आणि मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा वा कावळा मारल्यासही तेवढेच. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला ज्याचे दहन झाले, तो हा ग्रंथ. फ्रँकांच्या आणि येथील हिशेबात आम्हांस एक भेद दिसतो, तोही येथील शास्त्रकारांना भूषणावह नाही. तेथे भरपाई मृताच्या नातलगांच्या हाती पडे. बौधायन धर्मसूत्र त्या गाई राजाला द्यावयास सांगते, आणि प्रायश्चित्तात तर मृताच्या घरच्यांना स्थानच नाही. मारणारा शुद्ध झाला, की प्रकरण संपले.

अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 चा, त्याचे नियम 1995 चे. 2016 च्या सुधारणेनुसार खुनाच्या प्रकरणी आश्रितांना 8,25,000 रुपये साहाय्य मिळते. निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर. यालाही कोणी रक्ताचे मोल म्हणतात. आमचे मत तसे नाही. हा पैसा आरोपी देत नाही, राज्य देते. मृत शेतमजूर होता की अधिकारी, यावरून तो कमी-जास्त होत नाही. आणि त्याने आरोपी सुटत नाही. खून हा कायद्याने तडजोडीचा गुन्हाच नाही.

तरीही गावात बैठक बसते. ‘गेलेला माणूस परत येणार आहे का? चार पैसे घ्या, मिटवून टाका.’ मग साक्षीदार फितूर होतात. ही रक्कम कोणत्याही नियमात लिहिलेली नसते. ती मृताच्या जातीवरून आणि घरच्या दारिद्र्यावरून ठरते. दहा गाईंचा दर अजून चालू आहे, तो येथे.

पैशाहून मोठा प्रश्न अपराध कोणता म्हणून नोंदला जातो, हा आहे. 29 सप्टेंबर 2006 रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. दोषींना शिक्षा झाल्या. परंतु 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आणि 2010 मध्ये नागपूर खंडपीठाने अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. खून मान्य झाला, त्यामागची जात मान्य झाली नाही.

आमचे माजी विद्यार्थी आज मंगळवेढ्यापासून अक्कलकोटपर्यंत गावोगावी आहेत. कोणी वकील, कोणी शिक्षक, कोणी ग्रामपंचायतीत. अशा बैठकीचे बोलावणे त्यांनाही येते. त्यांनी जावे, परंतु मृताच्या घरच्यांच्या शेजारी बसावे आणि साक्षीदारास न्यायालयात सोबत न्यावे. साक्षीदाराचा प्रवासखर्च व दैनिक भत्ता देण्याची तरतूद याच नियमांत आहे. ती किती घरांना ठाऊक आहे?