विश्लेषण : २१ व्या रकान्याने जगभरातले संगणक कसे बंद पाडले?

१९ जुलै २०२४. भारतासह अनेक देशांत विंडोजवर चालणारे संगणक अचानक निळ्या पडद्यावर अडकले. विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले, रुग्णालयं आणि बँकांची कामं खोळंबली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणकांना फटका बसला. हा सायबर हल्ला नव्हता. मग नेमकं काय घडलं?

चूक कुठे झाली?

क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सायबर सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी आपल्या 'फाल्कन' या सॉफ्टवेअरसाठी एक छोटं अपडेट पाठवलं. त्यातल्या नियमांचा आराखडा २१ रकान्यांचा होता. ते नियम तपासणाऱ्या प्रोग्रामला मात्र २० रकान्यांचीच माहिती मिळत होती.

आधीच्या अपडेट्समध्ये २१ व्या रकान्यासाठी 'काहीही चालेल' अशी सूट होती, त्यामुळे ही तफावत उघड झाली नाही. त्या दिवशी मात्र तो रकाना तपासण्याची वेळ आली. प्रोग्राम यादीच्या पलीकडची मेमरी वाचायला गेला आणि विंडोज कोसळलं. कंपनीने ७८ मिनिटांत अपडेट मागे घेतलं, पण बंद पडलेले बरेच संगणक एकेक करून सुरू करावे लागले.

प्रोग्रामला कोणी अडवलं का नाही?

जावा किंवा सी शार्पमधला कोड 'रनटाइम' नावाच्या व्यवस्थेच्या देखरेखीखाली चालतो. २० नोंदींच्या यादीतून २१ वी मागितली, तर रनटाइम तिथेच अडवतो. हा 'मॅनेज्ड' कोड. सी किंवा सी प्लस प्लसमधला 'नेटिव्ह' कोड थेट प्रोसेसरवर चालतो. तो वेगवान असतो, पण असा पहारेकरी त्याच्यामागे नसतो. फाल्कनचा हा भाग सी प्लस प्लसमध्ये होता आणि तो विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालत होता. त्यामुळे एका प्रोग्रामसोबत अख्खा संगणक बंद पडला.

मॅनेज्ड कोड वापरला की प्रश्न मिटतो?

पूर्णपणे नाही. मॅनेज्ड कोडलाही अनेक कामांसाठी नेटिव्ह कोडला हाक मारावी लागते. तेव्हा किती गोष्टी पाठवायच्या, त्या कोणत्या प्रकारच्या आणि प्रत्येकीला किती जागा लागेल, हे दोन्ही बाजूंनी सारखंच धरलेलं असावं लागतं. सी शार्पमधला 'लाँग' हा पूर्णांक नेहमी ८ बाइटचा असतो. विंडोजवर सी भाषेतला 'लाँग' मात्र ४ बाइटचा. नाव एकच, माप वेगळं.

हा करार अनेकदा प्रोग्रामर स्वतः लिहितो. तो चुकला, तरी कोड तयार होताना तक्रार येईलच असं नाही. फाल्कनमध्ये मॅनेज्ड कोडचा संबंध नव्हता, पण दुखणं याच जातीचं होतं: आराखडा एक सांगत होता, कोड दुसरंच धरून चालला होता.

पुढे काय बदललं?

दोन्हीकडची संख्या जुळते का, हे कोड तयार होतानाच पाहणारी तपासणी क्राउडस्ट्राइकने जोडली. यादीबाहेर वाचन होऊ नये म्हणून चालू प्रोग्राममध्येही अडसर घातला. अपडेट्स टप्प्याटप्प्याने देण्याचंही ठरलं. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरक्षा सॉफ्टवेअर कर्नलबाहेर चालवता यावं यासाठीची योजना जाहीर केली. म्हणजे करार मोडला, तरी पडेल तो प्रोग्राम, अख्खा संगणक नाही.