सासरचें टेकाड

घोडनदीच्या कांठचें इनामगांव हें आमचें सासर. सुटींत गेलें, कीं पांढरीच्या टेकाडावर एक फेरी ठरलेली. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर व अन्सारी या संशोधकांनीं तेथें १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केलें, इ. स. पूर्वीं सुमारें १६०० ते ७०० या काळांतील शेतकऱ्यांचीं घरें उजेडांत आलीं. मूल दगावलें तर हे लोक दोन मडकीं तोंडास तोंड लावून त्यांत तें ठेवीत आणि राहत्या घराच्या जमिनीखालींच पुरीत. मोठ्यांनाहि बहुधा घरांतच पुरीत, पण त्यांचे पाय घोट्यापाशीं तोडून. मृतात्म्यानें उठून चालूं नये म्हणून, असा एक तर्क आहे. मोठ्यांचें भय वाटलें असेल. तान्ह्यांना मात्र आईनें जवळ ठेवून घेतलें, असें आपलें मला वाटतें.

आमची वंशावळ सहा पिढ्यांची, सगळी पुरुषांची. दगावलेल्या मुलांस तींत जागा नाहीं. यंदां मीं हें बोलून दाखविलें, तेव्हां सासूबाई म्हणाल्या, “आमचा पहिला बारशाआधींच गेला. नांव मनांत ठरलेलें होतें.” मामंजींनीं तें नांव विचारून त्याच दिवशीं वंशावळींत लिहिलें.