माळव्याची रात्र कोणी नेली?

इंदूर म्हटले की सीमाभागातल्या वाचकांना दोन गोष्टी आठवतात, अहिल्यादेवी होळकर आणि पोहे-जिलबी. अलीकडे त्यात स्वच्छतेची भर पडली आहे. देशातले सर्वांत स्वच्छ शहर हा मान २०१७ पासून आमच्या गावाने सलग आठ वेळा मिळवला. त्याचा आम्हां इंदूरकरांना इतका अभिमान झाला आहे की, पाहुणा आला की त्याला आम्ही आधी कचऱ्याची पिवळी गाडी दाखवतो आणि मग राजवाडा. मी आज ज्या गोष्टीसाठी भांडायला बसलो आहे, ती मात्र कोणत्याच स्वच्छता-सर्वेक्षणात मोजली जात नाही. ती म्हणजे माळव्याची रात्र.

बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र अशी उत्तरेकडची जुनी वाखाणणी आहे. ‘शब-ए-मालवा’ हे शब्द आमच्या गल्लीतला हिंदी बोलणारा पानवाला आणि वाड्यातली मराठी बोलणारी आजी सारख्याच तोऱ्यात उच्चारीत. तो तोरा पोकळ नव्हता. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर, पठारावर वसलेले. उन्हाळ्यात हवा कोरडी, आकाश निरभ्र. सूर्य मावळला की जमीन दिवसभराची उष्णता भराभर वर सोडून देई. रामबागेतल्या आमच्या वाड्याच्या गच्चीवर संध्याकाळी पाणी शिंपण्याचे काम माझ्याकडे असे. नऊ वाजता गाद्या पडत, आणि पहाटे तीनच्या सुमारास आई उठून प्रत्येकाच्या अंगावर गोधडी टाकून जाई. मे महिन्यात, गोधडी! हे मी नातवाला सांगतो तेव्हा तो माझ्याकडे, मी सिंहगडाच्या लढाईला हजर होतो असे सांगितल्यासारखा पाहतो.

आमचे एक शेजारी निवृत्त अभियंता आहेत. हवामान बदलले असे कोणी म्हटले की ते ताबडतोब आकडा फेकतात. “३१ मे १९९४ ला इंदुरात ४६ अंश होते. २०२४ च्या मे महिन्यात कागदवाल्यांनी एवढी बोंब मारली, तेव्हा किती होते? साडेचव्वेचाळीस! मग वाढले कुठे?” आकडे खरे आहेत आणि सभेत त्यांच्यापुढे सगळे गप्प बसतात. मीही बरीच वर्षे गप्प बसत होतो. पण ते दुपारचा रकाना वाचतात, रात्रीचा वाचतच नाहीत. भारतीय हवामान खात्याने २०२४ हे १९०१ पासूनचे देशातले सर्वांत उष्ण वर्ष ठरवले. त्या वर्षी देशाचे सरासरी कमाल तापमान १९९१ ते २०२० च्या सरासरीपेक्षा ०.२० अंशाने जास्त होते आणि किमान तापमान, म्हणजे ढोबळमानाने रात्रीचे, ०.९० अंशाने जास्त. दिवसापेक्षा रात्र चौपटीहून अधिक चढली! चोर दुपारी आलाच नव्हता, तो रात्री आला.

ह्याची कारणे दोन आहेत आणि ती वेगळी ठेवली पाहिजेत, नाहीतर एकाच्या आड दुसरे लपते. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आपण हवेत जो कर्बवायू सोडतो तो पृथ्वीवर पांघरूण घालतो आणि रात्री वर जाऊ पाहणारी उष्णता अडवून धरतो. हे झाले साऱ्या जगाचे. दुसरे कारण आपल्या गल्लीतले. सिमेंटचे रस्ते, फरशी घातलेली अंगणे, काचेचे दर्शनी भाग आणि पत्र्याची छपरे दिवसभर ऊन पितात. त्यांतले सिमेंट आणि दगड ते रात्रभर ओकत राहतात. झाड असते तर त्याने सावली दिली असती, पानांतून पाणी सोडून हवा निववली असती. झाडाच्या जागी आता पार्किंग आहे.

पहिल्या कारणाबद्दल आपल्याकडे एक आवडते उत्तर आहे : हे पाप युरोप-अमेरिकेचे, त्यांनी निस्तरावे. बरोबर आहे. सामान्य अमेरिकन माणसाच्या वाट्याला येणारा कर्बवायू भारतीयाच्या कितीतरी पट आहे आणि आंतरराष्ट्रीय परिषदांतून आपल्या प्रतिनिधींनी त्याचा हिशेब ठणकावून मागावा. परंतु माझ्या घरामागे जे घडते आहे त्याचे बिल मी अमेरिकेला पाठवू शकत नाही.

आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून पत्र्याच्या सात-आठ खोल्या आहेत. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई त्यांतल्या एकीत राहतात. २०२४ च्या मे महिन्यात त्या सलग तीन दिवस उशिरा आल्या. सौभाग्यवती त्यांना बोलली. त्या शांतपणे म्हणाल्या, “काकी, रात को नींद ही नहीं आती. पतरा तपता है, और ऊपर से आपकी मशीन की हवा सीधी हमारे दरवाजे पे आती है.” मी मागच्या बाल्कनीत जाऊन पाहिले. आमच्या एअर कंडिशनरचे बाहेरचे धूड बरोबर त्यांच्या दारावर तोंड करून बसवलेले होते. पाच वर्षे ते तिथे होते आणि मी एकदाही खाली वाकून पाहिले नव्हते.

वाचकहो, हे यंत्र थंडी तयार करीत नाही. ते माझ्या खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकते, आणि ती उचलण्यासाठी जी वीज जळते तिची उष्णता वर जोडून टाकते. ती वीज आजही मुख्यत्वे कोळशाची. म्हणजे मी माझी रात्र विकत घेतो, तिचा उकाडा भिंतीपलीकडच्या बाईंना देतो आणि धूर सगळ्या जगाला. घरातला कचरा भिंतीवरून शेजाऱ्याच्या अंगणात फेकणाऱ्याला इंदुरात आज दंड होतो. उष्णता फेकणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही. गेल्या साली एका मंडळाच्या व्याख्यानमालेत पर्यावरणावर भाषण होते. वक्ते उत्तम बोलले, पण सभागृह इतके गार होते की मला शाल पांघरून वसुंधरेच्या तापाची हकीकत ऐकावी लागली.

यंत्र मुळीच वापरू नका असे मी म्हणत नाही. घरात म्हातारे माणूस किंवा तान्हे मूल असेल तर ती चैन नाही, औषध आहे. पण १८ अंशांवर लावून वर रजई घेणे हे कसले औषध? जानेवारी २०२० पासून केंद्र सरकारच्या नियमानुसार खोलीसाठीचे नवे यंत्र सुरू होताना २४ अंशांवर सुरू होते. लगेच रिमोट उचलून ते खाली आणणारे हात आपलेच आहेत.

एप्रिलमध्ये वर्षाचे गहू भरणाऱ्या घरांना २०२२ आठवत असेल. त्या वर्षीचा मार्च देशातल्या १९०१ पासूनच्या सगळ्या मार्च महिन्यांत सर्वांत तापलेला होता. दाणा भरण्याच्या ऐन वेळी ऊन पेटले आणि बऱ्याच भागांत गहू बारीक पडला. १३ मे रोजी सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. पावलोपावली भाकरी आणि पावलोपावली पाणी अशी ज्या माळव्याची ख्याती, तिथल्या गृहिणी त्या वर्षी गहू ओंजळीत घेऊन पुन्हा पुन्हा निरखीत होत्या.

भाकरीचे हे झाले. पाण्याची कथा तर आम्ही स्वतःच्या हातांनी लिहिली आहे आणि तिच्यात माझी सहीसुद्धा आहे.

पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून इंदुरात आला होता. प्लेगाचे दिवस होते. ह्या अवलियाने दिवाळीच्या सुमारास मिरवणूक काढवली आणि ज्या भागातले लोक घरे-अंगणे सर्वांत चांगली साफ करतील त्या भागातून ती नेली. आजच्या स्वच्छता-स्पर्धेचा हा खापरपणजोबा! त्याचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली निघाला. त्यात त्याने विहिरींची बाजू घेतली आहे : नळाची योजना कधी ना कधी बिघडतेच, म्हणून पूर्वजांनी ठेवलेल्या जुन्या विहिरी हा शहराचा आयुर्विमा समजावा, त्या बुजवू नयेत, नीट राखाव्यात.

आम्ही काय केले? १९७० च्या आंदोलनानंतर १९७८ साली नर्मदा इंदुरात आली आणि गावाने आनंद केला, तो योग्यच होता. खाली जलूदहून सुमारे ७० किलोमीटर लांब आणि पठारापर्यंतची उंची पंपांनी चढवून ते पाणी येते. त्या पंपांचे विजेचे बिल इतके, की महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढले, जलूदला ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी. हे पाऊल मला मनापासून आवडले. पण नळाला नर्मदा आली त्या दिवसापासून विहीर आमच्या डोळ्यांत अडगळ झाली. आमचा वाडा पाडून इमारत झाली तेव्हा अंगणातल्या विहिरीवर स्लॅब टाकून तिथे दुचाकी लावायच्या असे ठरले. त्या कागदावर इतरांबरोबर मीही सही केली. वडील तेव्हा हयात नव्हते, म्हणून धीर झाला.

मग ३० मार्च २०२३ उजाडला, रामनवमी. पटेलनगरच्या बेलेश्वर महादेव मंदिरात बावडीवर टाकलेले छत भाविकांसह खाली गेले आणि ३६ माणसे मेली. त्या दिवसापासून मी माझी स्कूटर त्या स्लॅबवर लावीत नाही. एवढेच केले. विहीर उघडण्याची गोष्ट पुढे बराच काळ माझ्या तोंडातून निघाली नाही.

आणि पाऊस तर आता वेळापत्रक पाळेनासा झाला आहे. ऑगस्ट २०२० मध्ये इंदुरात चोवीस तासांत दहा इंचांच्या आसपास पाऊस पडला. वर्षाला सरासरी अडतीस इंच पडणाऱ्या गावात चौथा हिस्सा एका दिवसात! गरम हवा बाष्प जास्त धरते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. ते पाणी मुरायला मातीही नाही, विहीरही नाही. रस्त्यावरून वाहत ते कान्ह नदीत गेले आणि पुढच्या उन्हाळ्यात आम्ही टँकरवाल्याची मनधरणी केली.

झाडांचे म्हणाल तर १४ जुलै २०२४ रोजी रेवती टेकडीवर एका दिवसात बारा लाखांहून अधिक रोपे लावून इंदूरने जागतिक विक्रम केला. रोपे जगोत, मी आशीर्वाद देतो. पण ती सावली धरीपर्यंत माझा नातू मिशा राखू लागेल, आणि टेकडीवरची सावली सराफ्यात पडत नाही. आमच्या गल्लीतला कडुनिंब तोडला त्या दिवशी गल्लीतलाच एकजण विक्रमाचे प्रमाणपत्र मोबाइलवर सगळ्यांना पाठवीत होता.

मग करायचे काय? मला तर उत्तर आमच्याच पिवळ्या गाडीत दिसते. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा हे इंदूरला भाषणांनी शिकवले नाही. गाडी रोज दारात आली, मिसळलेला कचरा परत दिला गेला आणि वर्षभरात आजीबाईंच्या हातांनाही सवय लागली. आज त्याच ओल्या कचऱ्यापासून देवगुराडियाच्या प्रकल्पात गॅस होतो. उष्णतेलाही असाच दारात येणारा हिशेब हवा. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले, तेव्हा त्या शहराने २०१३ साली उष्णतेचा कृती-आराखडा केला. आधी इशारा, पाण्याच्या सोयी, दवाखान्यांची तयारी, आणि पुढे गरीब वस्त्यांच्या छपरांना पांढरा रंग. पांढरे छप्पर ऊन परतवते आणि खालची खोली काही अंशांनी तरी निवते. ह्यात नवीन विज्ञान कसले? दिवाळीला चुना काढणारी जात आपली. भिंतींना काढतो तोच छपराला काढायचा आहे.

सीमेवरच्या मंडळींना ह्यात एक काम अधिक आहे. आपल्याकडे पाटी कोणत्या भाषेत असावी ह्यावर लढे होतात, ते व्हावेतही. पण उष्णतेचा इशारा कानडीत आला, तेलुगूत आला की आमच्याकडे हिंदीत आला, तो घरातल्या मराठीच समजणाऱ्या आजीला आणि मागच्या खोलीतल्या मजुराला त्याच्या बोलीत सांगणारा माणूस कोण? दोन भाषा येतात असे आपण अभिमानाने सांगतो, मग ते दोन भाषांचे घर ह्या कामाला कधी उपयोगी पडणार?

ह्या नवरात्रात मी सोसायटीच्या सभेत तीन ठराव मांडले. मागच्या बाजूची सगळी यंत्रे गच्चीवर हलवावीत. आपल्या गच्चीबरोबर मागच्या खोल्यांचे पत्रेही सोसायटीच्या खर्चाने पांढरे करावेत. आणि विहिरीवरचा स्लॅब काढून, जाळी बसवून, गच्चीचे पावसाचे पाणी गाळून तिच्यात सोडावे. अभियंता शेजाऱ्यांनी १९९४ चा आकडा पुन्हा सांगितला. मी रात्रीचा रकाना पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि पत्र्यांच्या रंगाला हात वर केला. तो ठराव दोन मतांनी संमत झाला. यंत्रे ज्याने त्याने आपल्या खर्चाने हलवावीत असे ठरले आहे. आमचे हलले, आणखी दोघांची हलायची आहेत. विहिरीचा ठराव मात्र दुचाकी कुठे लावायच्या ह्या प्रश्नावर अडला आणि पुढच्या सभेवर गेला. ती सभा देवदिवाळीनंतर आहे.