केसपेपर आणि पंचनामा

माणसांच्या अपव्यापाराचा विषय निघाला की वैद्यक व्यवसायातील पुष्कळ मंडळी एक ठरलेला पूर्वपक्ष पुढे करतात. तो असा की, रोग ओळखणे आणि बरा करणे एवढेच वैद्याचे काम. कोणाला कोणी विकले याचा तपास पोलिसांचा आणि निवाडा न्यायालयाचा. डॉक्टर त्यात पडला तर रुग्ण बिचकतील आणि त्याच्या वाट्याला मात्र तारखांचे हेलपाटे येतील. यांतील शेवटचा भाग खरा आहे, हे आधीच मान्य केलेले बरे. साक्षीचे समन्स घेऊन गेलेला सरकारी वैद्यकीय अधिकारी कोर्टाच्या व्हरांड्यात दिवस काढून पुढची तारीख घेऊन परततो, हे नित्याचेच आहे. परंतु गैरसोय होते म्हणून कर्तव्य नाहीसे होत नाही.

मुळात वैद्य या प्रकरणाबाहेर उभा आहे, ही समजूतच निराधार आहे. 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीन्वये, छाप्यातून सोडवून मॅजिस्ट्रेटपुढे आणलेल्या व्यक्तीचे वय, तिच्या अंगावरील अत्याचाराच्या खुणा आणि गुप्तरोग यांची तपासणी नोंदणीकृत वैद्यानेच करावयाची असते. वयाचा दाखला नसला म्हणजे मनगटाच्या आणि कोपराच्या क्ष-किरण छायाचित्रात हाडांची टोके सांधली आहेत की नाहीत हे पाहून तो जो आकडा लिहितो, त्यावरच ती मुलगी अज्ञान ठरून बालकल्याण समितीकडे जाणार, की सज्ञान ठरून दलालाने उभ्या केलेल्या एखाद्या ‘मावशी’च्या हवाली होणार, हे पुष्कळदा अवलंबून असते. या परीक्षेत दोन्ही बाजूंनी दोन वर्षांची चूक संभवते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 सालीच जया माला प्रकरणात नमूद करून ठेवले आहे. असे असता ‘वय अठरा ते वीस’ असे खरडून मोकळे व्हावे आणि वर ‘आम्हांला या भानगडीशी काय कर्तव्य?’ असे विचारावे, याला तटस्थता म्हणण्याइतकी भाषा अजून स्वस्त झालेली नाही.

छाप्यापूर्वीची स्थिती तर याहून बोलकी आहे. लेडरर आणि वेट्झेल यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील पाहणीत, देहविक्रयात लोटल्या गेलेल्यांपैकी शेकडा 88 जणींनी त्या काळातच आपला कोणा ना कोणा आरोग्यसेवकाशी संबंध आल्याचे सांगितले. आपल्याकडील एखाद्या बाह्यरुग्ण विभागात घटकाभर उभे राहावे. ओटीपोटात दुखते म्हणून सोळा-सतरा वर्षांची मुलगी आलेली असते. केसपेपर बरोबरच्या बाईच्या हातात. नाव विचारले तर बाई सांगते, गाव विचारले तर बाईच सांगते, आणि मुलगी बंगाली किंवा नेपाळी बोलणारी असली तर दुभाषाही तीच. दंडावर सिगारेटच्या चटक्यांचे जुने डाग असतात. रांग लांब असते. डॉक्टर मान वर न करता गोळ्या लिहितो आणि ‘पुढचा’ म्हणून हाक मारतो.

‘आम्ही केवळ रोग पाहतो’ म्हणणाऱ्यांनी निदान रोग तरी नीट पाहावा. विकल्या जाऊन परत आलेल्या 287 नेपाळी मुली-स्त्रियांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. त्यांत शेकडा 38 एचआयव्हीबाधित होत्या, आणि वयाच्या पंधराव्या वर्षाआधीच विकल्या गेलेल्यांत हे प्रमाण शेकडा 60 होते. विक्री हेच जेथे रोगाचे कारण, तेथे ते कारण वगळून केलेले निदान वैद्यकाच्या स्वतःच्या कसोटीवरही अपुरेच ठरते. वैद्यकाने गुन्हेगाराची चाकरी केल्याचे आरोपही ऐकण्यात आहेत: तेलंगणातील यादगिरिगुट्टा येथे 2018 साली, लहान मुली लवकर वयात याव्यात म्हणून त्यांना इंजेक्शने दिल्याच्या आरोपावरून एका डॉक्टरला अटक झाली.

मात्र या पूर्वपक्षाला उत्तर देताना काही उत्साही सुधारक प्रत्येक दवाखान्याची पोलीसचौकी करू पाहतात, आणि तेही तितकेच अग्राह्य आहे. फेब्रुवारी 1996 मध्ये मुंबईत कामाठीपुऱ्यासह ठिकठिकाणी पडलेल्या छाप्यांत साडेचारशेहून अधिक मुली-स्त्रिया ताब्यात घेण्यात आल्या. त्यांत नेपाळच्या पुष्कळ होत्या. त्यांना सरकारी गृहांत कोंडले गेले आणि संमती न घेता त्यांची एचआयव्ही चाचणी झाली. तेथे वैद्यक हजर होते; रुग्ण म्हणून त्या बायकांची दाद घेणारा मात्र कोणी नव्हता. संमतीवाचून अशी चाचणी करू नये असा कायदा 2017 साली झाला. सुटकेच्या नावाखाली झालेली सक्ती ज्या बाईने एकदा सोसली, ती पुन्हा रुग्णालयाची पायरी चढणार नाही. ती गल्लीतल्या भोंदूकडे जाईल आणि घरवालीचे फावेल.

तेव्हा वैद्याने पोलीस होऊ नये आणि पाषाणही होऊ नये. तपासणीच्या वेळी बरोबरच्या माणसाला बाहेर बसवावे, मग तो स्वतःला नवरा म्हणवो की मालक. ही तजवीज परिचारिकेला सहज करता येते. दुभाषा रुग्णालयाचा असावा. जखम कोठे, किती मोठी, किती जुनी, आणि रुग्ण स्वतःच्या शब्दांत काय म्हणते, हे केसपेपरवर जसेच्या तसे उतरावे. पंचनामा पुढे कितीही ढिला झाला तरी त्या दिवशीची ती नोंद दप्तरात राहते. मुलगी अठराच्या आतील असेल तर लैंगिक गुन्ह्याची खबर देणे 2012 च्या पोक्सो कायद्याने डॉक्टरवरही बंधनकारक आहे, तेथे विकल्प नाही. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत मात्र केंद्र सरकारच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की, तिला पोलिसांत फिर्याद द्यावयाची नसेल तर तिचा नकार नोंदवावा, पण उपचार थांबवू नयेत.

खर्चाची सबब सांगणाऱ्या खाजगी रुग्णालयांनी एवढे ध्यानात ठेवावे: बलात्कारपीडितेवर तत्काळ व विनामूल्य उपचार करणे नागरिक सुरक्षा संहितेच्या 397व्या कलमाने त्यांनाही बंधनकारक आहे, आणि असे उपचार न करणाऱ्या रुग्णालयाच्या चालकास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.