काचबिंदूचे पाप कोणाच्या माथी?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरीचा कोळसा मालगाडीत बसून देश पाहायला जातो आणि माजरीचा माणूस डोळे चोळत मागे उरतो. धुळीने डोळे लाल झाले की तो औषधाच्या दुकानात जातो. चिठ्ठी न विचारता स्टिरॉइडच्या थेंबांची बाटली हाती पडते. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून तीच बाटली महिनोन्‌महिने चालते. काहींच्या डोळ्यांतला दाब या थेंबांनीच चढतो आणि नस सुकू लागते. हाच काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही. कडेचे दिसेनासे होते, चौकटीला खांदा आपटतो. तोवर दोनदा चष्मा बदलून झालेला असतो. गेलेली नजर ब्रह्मदेव आला तरी परत देत नाही!

आणि आमचे आरोग्यखाते काय मोजते? मोतीबिंदू! 1976 पासून अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. शिबिर भरवा, भिंग बसवा, हिरव्या पट्ट्यांचे म्हातारे ओळीने बसवून मंत्र्यांसह फोटो काढा. शस्त्रक्रिया व्हाव्यातच, पण काचबिंदूत फोटो निघत नाही, म्हणून त्याचे नाव कागदावरच राहावे काय?

हा रोग पकडायला एम. एस. नंतर वर्ष-दोन वर्षांचे खास शिक्षण लागते. आरशाचे भिंग डोळ्यावर टेकवून आतला कोन उघडा की मिटलेला हे ओळखणे, दाब बेताचा असूनही मरणारी नस हेरणे, ट्रॅबेक्युलेक्टॉमी या काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर कोणता टाका केव्हा सोडायचा हे ठरवणे, यासाठी शेकडो डोळ्यांवर हात बसावा लागतो. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत तो बसतो. औषध जन्मभराचे, तपासणी वारंवारची. मग गडचिरोलीतल्या भामरागडच्या माडिया आदिवासीने तज्ज्ञासाठी दर वेळी नागपूर गाठायचे काय?

पैसा नाही म्हणता? साफ खोटे! 2015 च्या खाण कायद्यातील दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. निधी खाणबाधितांचा, आणि आरोग्य हे त्याचे अग्रक्रमाचे काम. त्यातून रस्ता होतो, मग डॉक्टर का घडत नाही?

चंद्रपूर आणि गडचिरोलीतून दोन-दोन सरकारी नेत्रतज्ज्ञ पूर्ण पगारावर शिकायला धाडा. पाच वर्षे इथेच सेवा करण्याचे लिहून घ्या. ते परतण्याआधी नजरेचा परीघ मोजणारे पेरिमीटर यंत्र आणून, जोडून, चालवून ठेवा, खोक्यात नव्हे! आणि परतताच त्यांची मुंबईला बदली करणारा साहेब कोणी निघाला, तर त्याचे नाव हुद्द्यासकट याच स्तंभात छापले जाईल.