बिगारीच्या पुढची पायरी



कापसाची उलंगवाडी झाली की आपली पोरे नागपूरची वाट धरतात. धंतोलीत जुन्या बंगल्यांच्या जागी दवाखाने आणि फ्लॅट उभे राहिले. अशा कामांवर घमेली वाहायला माणसे लागतात. रोजी मिळते, पण नुसतीच घमेली वाहिली, तर दहा वर्षांनीही हाती घमेलेच राहते.

अकोला जिल्ह्यातल्या रोपरखेड्याच्या कल्पना सरोज पाहा. बालवयात लग्न झाले. पुढे मुंबईच्या कारखान्यात दोन रुपये रोजाने धागे कापले. पण तिथेच त्या शिलाई शिकल्या. कर्ज काढून धंदा केला. कल्याणला वादात अडकलेली जागा स्वस्तात घेतली, तिचे कागद मोकळे केले आणि तिच्यावर इमारत बांधली. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

सगळेच बिल्डर होणार नाहीत; पण बिगाऱ्याचा मिस्त्री होणे तुमच्या हाती आहे. मिस्त्रीजवळ राहून ओळंबा धरायला शिका. ३, ४ आणि ५ फुटांचा त्रिकोण दोरीने आखून काटकोन साधा. झालेल्या कामाचे माप रोज वहीत लिहा; उद्या स्वतः ठेका घ्याल, तेव्हा हीच वही भाव सांगेल.

वय १८ ते ६० असेल आणि वर्षात ९० दिवस बांधकामावर भरले असतील, तर तसा दाखला घेऊन बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवा.

मृगाच्या पेरणीला घरी याल, तेव्हा पिशवीत स्वतःची थापी आणि ओळंबा असू द्या.